फ्लॅट पेडलवरून क्लिपलेसकडे, आणि पावसाळ्यात परत

सायकलला पाय नुसता टेकवायचं फ्लॅट पेडल लावावं की बूट अडकणारं क्लिपलेस, हा प्रश्न बहुतेक जण वेगाच्या अंगाने विचारतात. दोन्ही पेडलं एकाच सायकलवर, त्याच रस्त्यांवर, उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत आलटून पालटून वापरल्यावर मला तो पाय टेकण्याचा प्रश्न वाटतो. एका फेरीत पाय किती वेळा खाली येणार, कशावर टेकणार आणि उतरल्यावर किती चालायचं आहे, एवढं मोजलं की पेडल बरंचसं ठरून जातं. माझा हिशेब असा होता: आठवड्याचे पाच दिवस पुण्यात घर ते ऑफिस, एका बाजूने ११ किलोमीटर आणि १४ सिग्नल, रविवारी कात्रजचा जुना घाट, बोपदेव किंवा सिंहगड, आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, जिला साडेतेरा तासांची मुदत असते. या तिन्हींना एकच पेडल पुरत नाही, हे शेवटी कळलं. पण ते कळेपर्यंत जे जे बसवलं, ढिलं केलं आणि पुन्हा मोजलं, ते इथे लिहितो आहे.

आधी नावाचा घोळ. ज्या पेडलमध्ये बूट अडकतो त्यालाच क्लिपलेस म्हणतात, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलला पुढे धातूची टो-क्लिप आणि आवळायला चामड्याचा पट्टा असे. ती क्लिप गेली म्हणून हे क्लिपलेस. बूट स्कीला अडकवणारी बंधनं बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४मध्ये असं पेडल बाजारात आणलं, पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली, आणि पट्ट्यांचे दिवस सरले. शिमानो या जपानी कंपनीचं एसपीडी हे दोन बोल्टच्या पद्धतीचं पेडल १९९०चं. बुटाच्या तळव्याला बोल्टने बसणारा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा म्हणजे क्लीट, आणि तिच्यावरून आज दुकानात मुख्यतः दोन घराणी दिसतात. दोन बोल्टची लहान लोखंडी क्लीट, जी बुटाच्या तळव्यातल्या खाचेत लपते. आणि तीन बोल्टची मोठी प्लास्टिकची क्लीट, जी तळव्याबाहेर राहते. दुसरीत पायाला टेकायला जागा रुंद मिळते, पण चालताना बदकासारखं चालावं लागतं आणि प्लास्टिक फरशीवर, डांबरावर झिजत जातं. ज्याला फेरीत दोनदाच उतरायचं आहे त्याने तीन बोल्टकडे जावं. वाटेत मिसळ, चहा, फोटो आणि किल्ल्याच्या पायऱ्या असतील तर दोन बोल्ट. माझी निवड इथे एका मिनिटात झाली.

वेगाबद्दल एकदाच लिहून टाकतो. 'क्लिपलेसने पाय वर ओढता येतो, म्हणून ताकद वाढते' हे सर्रास सांगितलं जातं. सपाट रस्त्यावर एका लयीत चालवताना चांगले सायकलपटूसुद्धा पेडल वर ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं ओझं ते फक्त कमी करतात, जोर सगळा खाली दाबण्यातच असतो. मुद्दाम ओढायला गेलं तर मांडीच्या पुढचा, कमरेजवळचा स्नायू लवकर थकतो. जुन्या कात्रज घाटात दोन्ही पेडलांवर माझ्या वेळेत जो फरक पडला, तेवढा समोरच्या वाऱ्यानेही पडतो. क्लिपलेसचा खरा फायदा निराळा आहे. पाय दर फेऱ्याला त्याच जागी राहतो. मिनिटाला ९५-१०० फेरे मारताना तो उडत नाही, खड्ड्यातून जाताना निसटत नाही, ओल्या पेडलवरून घसरत नाही, उभं राहून जोर लावताना पुढे-मागे सरकत नाही. आठ-दहा तासांच्या फेरीत हे फार मोलाचं आहे. ऑफिसच्या ११ किलोमीटरला त्याची फारशी किंमत नाही.

म्हणूनच माझा आग्रह असा, की क्लिपलेसचा विचार करण्याआधी एकदा नीट फ्लॅट पेडल वापरून बघा. सायकलबरोबर आलेलं गुळगुळीत प्लास्टिकचं अरुंद पेडल म्हणजे फ्लॅट पेडल नव्हे. त्याच्यावरून पाय घसरतो, आणि दोष मात्र सगळ्या फ्लॅट पेडलांना लागतो. चांगल्या पेडलचा माथा साधारण १०० मिलिमीटर रुंद असतो, मध्यभागी किंचित खोलगट असतो आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा खिळे असतात. हे खिळे स्क्रूसारखे फिरवून काढता-घालता येतात. नायलॉनचं पेडल हलकं आणि स्वस्त, दगडावर आपटलं तर चरा पडतो पण सहसा वाकत नाही. अर्धं काम मात्र बुटाचं. धावण्याच्या बुटाचा फोम पेडलभोवती वाकतो आणि तासाभराने चवड्याखाली जळजळ सुरू होते. सपाट, थोडा कडक, रबरी तळव्याचा बूट हवा. बॅडमिंटनचे गम रबराचे बूट या कामाला चांगले चालतात, खिळे त्यात घट्ट रुततात. नाडी मात्र उजव्या बाजूला चेनरिंगकडे (पेडलजवळच्या दातेरी चकतीकडे) लोंबू देऊ नका, टोक आत खोचा. आणि फ्लॅटवर पाय थोडा पुढे सरकवून ठेवा, म्हणजे पेडलचा दांडा चवड्याच्या जाड भागाच्या किंचित मागे येईल. खड्ड्यांवर टाच खाली सोडली की पाय उडत नाही. एवढं करूनही पाय घसरतच असेल, तर क्लिपलेसचं बघावं. फ्लॅटचा एकच खरा त्रास मी मान्य करतो: निसटलेलं पेडल गर्रकन फिरून नडगीवर आलं तर खिळे मांस सोलतात.

आता बदलण्याचं काम. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पातळ पान्हा लागतो, काही पेडलांना मागून ६ किंवा ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की. नेहमीचा जाड पान्हा पेडल आणि क्रँक (पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो फिरणारा हात) यांच्या फटीत शिरत नाही. उजव्या पेडलचे आटे सुलटे असतात, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: पान्हा पेडलच्या वर उभा धरला असता त्याचं टोक पुढच्या चाकाकडे गेलं की पेडल घट्ट होतं, मागच्या चाकाकडे गेलं की सुटतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. जाम झालेल्या पेडलवर जोर लावताना चेन मोठ्या चेनरिंगवर ठेवा. हात घसरला तर बोटं दातऱ्यांवर आपटत नाहीत. पेडलवर इंग्रजी आर आणि एल कोरलेलं असतं. ते न बघता डावं पेडल उजवीकडे बसवायला गेलात, तर पोलादी दांडा अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कापत जातो आणि नवा क्रँक घ्यावा लागतो. प्रौढांच्या बहुतेक सायकलींना आट्यांचं माप ९/१६ इंच असतं. एकाच तुकड्याचा वाकवलेला क्रँक असलेल्या लहान मुलांच्या सायकलींना १/२ इंच. नवं पेडल लावताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी द्या. बोटांनी फिरत नसेल तर ते तिरकं बसतं आहे, मागे घ्या. ग्रीस न लावता बसवलेलं पेडल दोन पावसाळ्यांनंतर क्रँकमध्ये असं धरतं की पान्ह्याला पाइप लावून काढावं लागतं. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर त्याहून लवकर.

क्लीट बसवणं हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि बहुतेक लोक दुकानात पाच मिनिटांत ते उरकून घेतात. मी त्याला एक संध्याकाळ दिली. मोजे आणि बूट घालून उभं राहायचं आणि बुटावरून बोटाने चाचपायचं: आतल्या बाजूला अंगठ्याच्या मुळाशी उंचवट्याचं हाड लागतं, बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी. दोन्ही ठिकाणी बुटाच्या कडेला कागदी टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. करंगळीची खूण नेहमी मागे येते. माझ्या उजव्या पायात दोन खुणांमध्ये १३ मिलिमीटर अंतर भरलं, डाव्यात ११. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी यायला हवा. लांब पल्ल्याला आणि घाटाला मागची बाजू बरी, म्हणून मी करंगळीच्या खुणेकडे झुकलो. क्लीट फार पुढे, म्हणजे बोटांकडे बसली की पोटरी आणि टाचेमागची शीर सतत ताणलेली राहते. ६० किलोमीटरनंतर पायाची बोटं बधिर होत असतील तर आधी क्लीट ३-४ मिलिमीटर मागे घेऊन बघा, बुटाचा पट्टा सैल करा, मग बाकीची कारणं शोधा.

दुसरं माप वळणाचं. उंच टेबलावर बसून पाय लोंबकळत सोडा, गुडघे सरळ समोर. पंजा कुठे वळतो ते बघा. बहुतेकांचे चवडे थोडे बाहेर असतात, आणि दोन्ही पाय सारखे नसतात. क्लीट पेडलमध्ये सरळच बसणार आहे, त्यामुळे चवडा बाहेर हवा असेल तर बुटावर क्लीटचं टोक अंगठ्याच्या बाजूला किंचित वळवायचं. हे उलटं वाटतं, म्हणून एकदा हातात बूट धरून पेडलमध्ये अडकवून बघा. तिसरं माप आडवं: क्लीट बुटाच्या आतल्या कडेकडे सरकवली की पाय क्रँकपासून दूर जातो, बाहेरच्या कडेकडे सरकवली की जवळ येतो. घोटा किंवा टाच क्रँकला घासत असेल तर इथे दुरुस्ती करायची.

बोल्ट ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलनने आवळतात, ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्कचा पान्हा नसेल तर अ‍ॅलनच्या आखूड बाजूला धरून मनगटाचा चांगला जोर लावा. आट्यांवर ग्रीसचा थेंब असू द्या, नाहीतर गंजतात. क्लीटच्या कडेने पेन्सिलने किंवा पांढऱ्या मार्करने रेघ ओढून ठेवा. पुढे क्लीट झिजून बदलायची वेळ आली, की ही रेघ तुमची सगळी संध्याकाळ वाचवते.

शिमानोच्या दोन बोल्टच्या क्लीट दोन प्रकारच्या मिळतात. काळी एसएच५१ टाच आडवी वळवल्यावरच सुटते. चांदीच्या रंगाची एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, वर जोरात झटका दिला तरी. शिकायला ५६ बरी असं म्हणतात. मी ती दोन आठवडे वापरून काढली, कारण चढावर उभं राहून जोर लावताना ती नको तेव्हा सुटू शकते, आणि तेव्हा अंग पुढच्या दांड्यावर येतं. ५१ लावून स्प्रिंग सर्वांत सैल ठेवणं मला जास्त विश्वासाचं वाटतं. ५१मध्ये अडकलेल्या पायाला न सुटता आडवं वळायला एकूण सुमारे ४ अंशांची मोकळीक मिळते. तीन बोल्टच्या एसपीडी-एसएलमध्ये मोकळीक रंगावरून ओळखतात: पिवळी ६ अंश, निळी २, लाल शून्य. गुडघा सांभाळायचा असेल तर पिवळीने सुरुवात करा. लाल क्लीट ज्याची मापं पक्की ठरली आहेत त्याच्यासाठी.

स्प्रिंगचा स्क्रू ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलनचा. दोन्ही बाजूंना अडकणाऱ्या पेडलजोडीत असे चार स्क्रू असतात, आणि चौघांचा ताण सारखा हवा. एक बाजू सैल आणि दुसरी घट्ट राहिली, तर सिग्नलला कोणती बाजू वर आली आहे यावर तुमचं पडणं-न पडणं ठरतं. स्क्रू उलटा फिरवत सर्वांत सैल करा (पण पट्टीतून बाहेर येईल इतका नाही) आणि तिथून 'टिक' मोजत चारही सारखे करा. मी सर्वांत सैलवरून दोन टिकांवर आहे आणि आजवर वाढवायची गरज पडलेली नाही.

पेडल आणि बूट दोन्ही बदलले की सीटची उंची बदलते, हे फार जण विसरतात. मोजायची रीत सोपी आहे. क्रँक सीटच्या नळीच्या सरळ रेषेत खाली ठेवा, रिकामा बूट पेडलवर ठेवा, आणि सीटच्या माथ्यापासून बुटाच्या आत चवड्याच्या जागेपर्यंत टेप लावा. जुना बूट फ्लॅटवर ठेवून एक माप, नवा बूट क्लिपलेसमध्ये अडकवून दुसरं. दोन्हींत जेवढा फरक, तेवढी सीट खाली किंवा वर. माझी सीट ६ मिलिमीटर खाली आली, आणि क्लीट मागे घेतल्यामुळे आणखी २. हे केलं नसतं तर गुडघ्यामागे ताण आला असता आणि मी क्लीटला दोष देत बसलो असतो.

सराव भिंतीशी. एक हात भिंतीवर, हलका गिअर. अडकवताना क्लीटचं पुढचं टोक आधी पेडलच्या पुढच्या ओठात घालायचं, मग चवड्याने खाली दाबायचं. 'खट्' ऐकू येतं. सोडवताना पाय वर उचलायचा नाही, टाच बाहेर फिरवायची. प्रत्येक पायाने पन्नास वेळा. मग मातीच्या मैदानावर वीस वेळा थांबणं आणि निघणं. डांबरावर त्यानंतरच.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून डावा पाय सोडण्याची सवय लावा. फूटपाथची कड डावीकडे मिळते, मागून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला आपण झुकत नाही, आणि उजव्या पोटरीवर चेनरिंगचा काळा शिक्काही उमटत नाही. सिग्नलच्या १५-२० मीटर आधी, डावं पेडल खाली आलेलं असताना टाच फिरवा. सुटलेला पाय पेडलच्या मध्यावर तसाच ठेवून दोन-तीन फेरे मारत पुढे या. पहिल्या महिन्यातलं ठरलेलं पडणं असं असतं: डावा पाय सुटलेला, सायकल जवळजवळ थांबलेली, आणि तोल नेमका उजवीकडे जातो. यावर उपाय एकच आहे. थांबण्याच्या शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवा. सायकल आपोआप डावीकडे, मोकळ्या पायाकडे कलते. पडलातच तर हात पुढे टाकू नका, हँडल धरूनच कुशीवर जा. मनगट मोडण्यापेक्षा खांदा-मांडी खरचटलेली परवडते.

घाटात मधेच थांबून पुन्हा निघणं ही क्लिपलेसची खरी परीक्षा. सिंहगडाच्या गाडीरस्त्याच्या तीव्र वळणांवर क्लीट शोधत बसलात तर वेग संपतो. तिथे एक पाय आधीच अडकवून, ब्रेक धरून, ते पेडल वर-पुढे आणायचं. पूर्ण जोराने दाबायचं आणि दुसरा पाय पेडलवर कसाही ठेवून तीन-चार फेरे मारायचे. क्लीट नंतर बसते. आजूबाजूला रुंद चौकट असलेलं पेडल इथे उपयोगी पडतं, कारण न अडकलेल्या बुटालाही टेकायला जागा मिळते.

पहिले तीन आठवडे गुडघ्याचं ऐका. २०-३० किलोमीटरपासून सुरू करा, पहिल्याच रविवारी लांब फेरी नको. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर बहुधा चवडा गरजेपेक्षा जास्त बाहेर वळला आहे; बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर आत. वाटीच्या पुढे दुखलं तर सीट खाली किंवा गिअर जड. मागे दुखलं तर सीट वर. एका वेळी एकच गोष्ट बदला, क्लीट दीड-दोन मिलिमीटरच हलवा, आणि दोन फेऱ्या होऊ द्या. तरीही दुखणं थांबलं नाही तर फ्लॅट लावा आणि डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यावर हट्ट चालत नाही.

सर्वांत धोक्याची चूक बोल्टची. नवी क्लीट पहिल्या ५० किलोमीटरमध्ये तळव्यात थोडी रुतते आणि बोल्ट ढिले होतात. दोनपैकी एक बोल्ट गळून पडला, तर टाच कितीही फिरवली तरी बूट क्लीटभोवतीच फिरतो आणि पेडल सोडत नाही. माझ्याकडून ५० किलोमीटरची तपासणी राहून गेली होती, आणि चढावर हे असंच घडलं. उपाय असा: घाबरून ओढू नका, चालत्या सायकलवरच बुटाचा पट्टा उघडा, पाय बाहेर काढा, आणि बूट पेडलवर लटकता ठेवून मोज्यावर थांबा. मग ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलनने स्प्रिंग पूर्ण सैल करून बूट हाताने पिळून काढा. तेव्हापासून पहिल्या ५० आणि मग दर ५०० किलोमीटरला बोल्ट तपासतो. बोल्टच्या डोक्यात खडी-माती घट्ट बसते, ती टाचणीने आधी कोरून काढावी लागते, नाहीतर अ‍ॅलन अर्धवट बसून डोकं गोल होतं.

जूनअखेर मुळशीकडच्या रस्त्यांवर चिखल सुरू झाला आणि मी फ्लॅट परत लावलं. मुरूम-मातीच्या रस्त्यावर एकदा पाय टेकला की क्लीटच्या खाचेत चिखल भरतो. पेडल अडकत नाही, किंवा त्याहून वाईट, अर्धवट अडकतं. पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर आणि हायवेवरच्या हॉटेलांच्या स्वच्छतागृहांत लोखंडी क्लीट बर्फासारखी घसरते. शिवाय पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, पाय कधी खाली टाकावा लागेल याचा नेम नाही. सह्याद्रीच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये खिळ्यांचं फ्लॅट पेडल हेच बरोबर, यावर मी ठाम आहे.

ऑक्टोबरपासून ऑफिसच्या फेऱ्यांना एका बाजूला फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेलं पेडल लावलं आहे. शिमानोचं पीडी-ईएच५०० त्यातलंच. सिग्नलांच्या गर्दीत चपटी बाजू, कात्रज ओलांडलं की अडकणारी. याला एकच तक्रार: हवी ती बाजू वर येईपर्यंत एकदा खाली बघावं लागतं, आणि गर्दीत खाली बघणं चांगलं नाही. म्हणून बीआरएमच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी अडकणारं पीडी-एम५२० चढवतो. बदलायला दहा मिनिटं लागतात, आट्यांना ग्रीस असेल तर. सीटच्या नळीवर दोन बारीक टेप लावल्या आहेत, पांढरी फ्लॅटच्या उंचीची, लाल क्लिपलेसच्या उंचीची. हत्यारांच्या पिशवीत ३ आणि ४ मिलिमीटरची अ‍ॅलन, एक टाचणी आणि क्लीटचा एक जादा बोल्ट वॉशरसकट ठेवलेला असतो.